मॉर्फिनने मळमळतंय, तर आधी घड्याळ बघा

कॅन्सरसारख्या तीव्र दुखण्यावर मॉर्फिन सुरू केल्यावर दर तिघांपैकी साधारण एकाला मळमळतं, काहींना उलट्याही होतात. ट्रॅमाडॉल, कोडीन, टॅपेंटाडॉल, फेंटानिलचा पॅच (कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी) ही सगळी अफूवर्गातली (ओपिऑइड) औषधं, त्यांचंही तेच; ट्रॅमाडॉलचा तर या बाबतीत लौकिक फारच वाईट. दुसऱ्या-तिसऱ्या उलटीनंतर घरात कुणीतरी म्हणतंच, "यांना हे औषध सोसत नाही, बंद करा." हा सल्ला ऐकू नका.

मळमळ होणं म्हणजे ॲलर्जी नव्हे. मेंदूला नव्या औषधाची सवय व्हायला वेळ लागतो. बहुतेकांची मळमळ पाच-सात दिवसांत, फार तर दहा दिवसांत ओसरते. तेवढे दिवस उलटीवरचं औषध बरोबर चालवलं की निभावतं. मॉर्फिन मध्येच सोडलं तर दुखणं परत उसळतं. आणि ते काही आठवडे चालू असेल, तर एकदम बंद केल्याने घाम, जुलाब, अंग मोडून येणं आणि उलट्या हे सगळं सुरू होतं. म्हणजे उलटी थांबवायला औषध थांबवलं आणि उलट्याच वाढल्या.

उलटी कुठून येते

उलटीवर कुठली गोळी द्यायची हे ती कधी होते यावर ठरतं. अफूवर्गातली औषधं वेगवेगळ्या वाटांनी उलटी घडवतात, आणि प्रत्येक वाटेची खूण निराळी.

पहिली वाट मेंदूतून जाते. मेंदूच्या तळाशी रक्तातली विषारी द्रव्यं हुंगणारी एक जागा आहे. मॉर्फिन तिला चाळवतं. खूण अशी: साधी मॉर्फिनची गोळी घेतल्यावर पाऊण-एक तासाने, म्हणजे औषधाचं रक्तातलं प्रमाण टोकाला पोचतं तेव्हा, मळमळ वाढते. दिवसभर पोटात ढवळत राहतं, पण उलटीतून फारसं काही पडत नाही. अन्नाचा वास नकोसा होतो.

दुसरी वाट पोटातून. ही औषधं जठराची हालचाल मंदावतात, त्यामुळे सकाळचा उपमा दुपारपर्यंत तिथेच पडून असतो. दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटतं, ढेकर येतात, छातीत जळजळतं. मग एकदम भडाभडा मोठी उलटी होते, त्यात अर्धवट पचलेलं अन्न दिसतं, आणि झाल्यावर पेशंटला बरं वाटतं. "उलटी झाली की मोकळं वाटतं" हे वाक्य डॉक्टरांना जरूर सांगा, त्यावरून त्यांना बरंच कळतं.

तिसरी वाट कानाच्या आतल्या तोलाच्या यंत्रणेतून. पडून असेपर्यंत ठीक. उठून बसलं, कूस बदलली, रिक्षात बसलं की गरगरतं आणि उलटी येते.

चौथी वाट बद्धकोष्ठाची. तिच्याबद्दल पुढे सविस्तर, कारण घरी सगळ्यात जास्त ती सुटते.

वहीत चार रकाने आखा: गोळीची वेळ, खाण्याची वेळ, उलटीची वेळ आणि साधारण प्रमाण (दोन चमचे, अर्धा कप, कपभर), शौचाला कधी झालं. मोबाइलमध्येही चालेल, पण पेशंटच्या उशाशी वही असली की दिवसपाळीची सून आणि रात्रपाळीचा मुलगा दोघंही लिहितात. दोन दिवसांच्या नोंदीत नमुना दिसतो. उदाहरणार्थ: गोळी सकाळी 6, उलटी 6.50, दोन चमचे. गोळी 10, मळमळ 11 वाजता. जेवण 1 वाजता, काही नाही. ही पहिली वाट. त्याऐवजी उलट्या जेवणानंतर दोन-तीन तासांनी आणि कपभर होत असतील, तर दुसरी.

कुठली गोळी, कधी

पुढचे डोस मोठ्या माणसांसाठी नेहमी वापरले जाणारे आहेत. तुमच्या पेशंटला काय द्यायचं हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच ठरेल. ती वाचून समजावी म्हणून हे लिहिलंय.

पोट मंदावलेलं असेल तर मेटोक्लोप्रामाइड (पेरिनॉर्म) किंवा डॉमपेरिडोन (डॉमस्टाल), 10 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. ही जेवणाआधी अर्धा तास द्यायची. जेवताना किंवा उलटी झाल्यावर दिली तर निम्मा उपयोग वाया जातो. मेटोक्लोप्रामाइडचा एक दुष्परिणाम माहीत असू द्या, कारण तो झाला की घरात हलकल्लोळ होतो: मान एका बाजूला वळून अडकते, जबडा आवळतो, डोळे वर जातात. बायकांमध्ये आणि तरुण मुलामुलींत जास्त. लोकांना फिट आल्यासारखं किंवा वारं गेल्यासारखं वाटतं. गोळी बंद करून लगेच दवाखान्यात न्या, एका इंजेक्शनने उतरतं. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या पेशंटला मेटोक्लोप्रामाइड आणि हॅलोपेरिडॉल दोन्ही चालत नाहीत. डॉमपेरिडोन मेंदूत फारसं शिरत नाही म्हणून त्यांना बरं. पण हृदयाचा त्रास असेल किंवा वय साठीपुढे असेल तर डॉमपेरिडोनआधी ईसीजीबद्दल विचारा.

दिवसभर ढवळत असेल तर बरेच पॅलिएटिव्ह (दुखणं आणि त्रास कमी करणारे) डॉक्टर रात्री हॅलोपेरिडॉल देतात, अर्धा ते दीड मिलिग्रॅम. केमिस्टकडे पोरगा सहज बोलून जातो, "ही तर वेड्यांची गोळी," आणि घरचे ती कपाटात ठेवून देतात. मानसिक आजारात हेच औषध यापेक्षा कितीतरी मोठ्या डोसात दिलं जातं. इथे त्याचं काम फक्त मेंदूतली ती हुंगणारी जागा शांत करणं एवढंच.

हालचालीने गरगरत असेल तर सिनारिझिन, प्रोमेथाझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन (स्टेमेटिल). यातल्या पहिल्या दोन्हींनी जास्त झोप येते, मॉर्फिनचीही गुंगी असतेच, तेव्हा वयस्कर माणूस रात्री एकटा संडासला उठणार नाही हे बघा.

आता ऑनडानसेट्रॉन (इमेसेट). केमोच्या वेळी ते मिळालेलं असतं, घरात पट्टी शिल्लक असते, म्हणून प्रत्येक उलटीला तेच दिलं जातं. केमोच्या उलटीवर ते उत्तमच. मॉर्फिनच्या उलटीवरही चालतं, पण ते स्वतः बद्धकोष्ठ करतं. मॉर्फिनने आधीच आतडी झोपलेली, त्यात हे. चार दिवस रोज तीन गोळ्या दिल्या आणि पाचव्या दिवशी पोट फुगून उलट्या दुप्पट, हा प्रकार नेहमीचा. ट्रॅमाडॉलबरोबर दिलं तर दुखणं थोपवण्याचा ट्रॅमाडॉलचा जोरही कमी करू शकतं.

चिठ्ठ्या दोन-तीन डॉक्टरांच्या असतील तर एक गोष्ट नक्की तपासा: पॅन-डी सारख्या सकाळच्या ॲसिडिटीच्या गोळीतला "डी" म्हणजे डॉमपेरिडोनच. वर वेगळं डॉमस्टाल चालू असेल तर दुहेरी डोस जातोय. तसंच पोटात कळ येते म्हणून दिलेली बस्कोपॅन आतड्यांना शांत करते आणि मेटोक्लोप्रामाइड त्यांना हलवतं. दोन्ही एकत्र म्हणजे एकाने ढकलायचं नि दुसऱ्याने ओढायचं.

उलटीवरची गोळी पहिला आठवडाभर घड्याळाने द्या, "लागेल तेव्हा" नको. आठवडा बरा गेला की डॉक्टरांना विचारून ती कमी करता येते. योग्य औषध दोन-तीन दिवस नीट देऊनही फरक नसेल तर आणखी गोळ्या चढवत बसण्याऐवजी डॉक्टर मूळ औषधच बदलतात: मॉर्फिनचा डोस कमी करून बघतात, साध्या गोळीऐवजी बारा तास चालणारी एसआर गोळी देतात म्हणजे रक्तातलं प्रमाण एकदम टोकाला जात नाही, किंवा मॉर्फिनवरून फेंटानिलवर नेतात. एकाने झालेला त्रास दुसऱ्याने होईलच असं नाही.

संडास साफ नसेल तर काहीच चालणार नाही

मळमळ आठवड्याभरात जाते, बद्धकोष्ठ जात नाही. त्याची शरीराला सवय होतच नाही, म्हणून मॉर्फिनच्या पहिल्या गोळीबरोबरच पोट साफ करणारं, म्हणजे जुलाबाचं औषधही सुरू व्हायला हवं. चिठ्ठीत नसेल तर स्वतःहून विचारा. सहसा बिसाकोडिल 5 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रात्री, किंवा सेन्ना. जोडीला लॅक्टुलोज 15 ते 30 मिलिलिटर. दोन दिवसांत एकदा तरी मऊ शौच व्हावं हा हिशोब. तिसरा दिवस कोरडा गेला तर फोन करा.

ईसबगोल देऊ नका. एरवी चांगलं, पण ते फुगायला भरपूर पाणी लागतं, आणि मळमळणारा माणूस दिवसाला तीन ग्लासही पीत नाही. मग ते आतड्यात पुट्टीसारखं बसतं.

आणखी एक फसवणूक. आठवडाभर शौच नाही आणि अचानक थोडं थोडं पातळ व्हायला लागतं, कपडे खराब होतात. घरचे म्हणतात जुलाब लागले. जुलाबाचं औषध बंद, वर जुलाब थांबवायची गोळी. खरं तर खाली घट्ट खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पाणी झिरपतं. डॉक्टर किंवा नर्स बोटाने तपासून सांगू शकतात. एनिमा किंवा सपोझिटरीने (गुदद्वारात ठेवायच्या गोळीने) मोकळं झालं की उलटी बऱ्याचदा त्याच संध्याकाळी थांबते.

एका खोलीतलं स्वयंपाकघर

मुंबईत पेशंटची खाट आणि गॅसची शेगडी यांच्यात पुष्कळ घरांत सात-आठ फुटांचं अंतर असतं. मोहरी-हिंगाची फोडणी, तळण, सुकट, बोंबील यांचे वास खोलीभर. उलटीवरच्या गोळ्यांइतकाच फरक इथे पडतो. फोडणीचं सगळं सकाळी पेशंट उठायच्या आत उरका, किंवा शेजारी-नातेवाइकांकडून डबा मागवा. तेवढा वेळ त्यांना गॅलरीत, कॉमन पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसवा. पंखा असा लावा की हवा खाटेकडून शेगडीकडे जाईल. अत्तर, उदबत्ती, फिनाईल, डासांची कॉइल हेही बंद. वास झाकायला दुसरा वास लावला की मळमळ वाढते.

जेवण गरम वाफाळतं नको. थंड किंवा कोमट अन्नाला वास कमी असतो. ताटभर वाढू नका, भरलेलं ताट बघूनच पोटात येतं. छोट्या वाटीत चार-पाच चमचे, दर दोन तासांनी. भाताची पेज, मऊ दहीभात, मुगाची पातळ खिचडी, नाचणीची आंबील, थंड ताक चालतं. सकाळी उठल्या उठल्या ढवळत असेल तर खाटेवरच कोरडं काहीतरी: चुरमुरे, खाकरा, टोस्ट. कोकम सरबत, लिंबाची फोड चोखणं अनेकांना मानवतं. तोंड आलेलं असेल तर आंबट टाळा. आल्याचा तुकडा किंवा आलेपाक द्यायला हरकत नाही, पण मॉर्फिनच्या उलटीवर तो औषधाची जागा घेईल अशी अपेक्षा ठेवू नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा प्लेटलेट कमी असतील तर विचारून द्या. जेवताना पाणी घोटभरच, बाकीचं मधल्या वेळात. जेवल्यावर अर्धा-पाऊण तास पाठीला उश्या लावून टेकवून बसवा, आडवं करू नका.

आवडीचा पदार्थ करून घालायची घाई नको. पापलेटची आमटी खाल्ल्यावर उलटी झाली की ती आमटी पुढे कित्येक महिने नजरेसमोर नकोशी होते. मळमळीच्या दिवसांत बेचव चालतं.

उलटी होताना आणि झाल्यावर

गुंगीतला माणूस उताणा असताना उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते, त्यामुळे पहिलं काम कुशीवर वळवणं, तोंड खाली झुकलेलं. बसता येत असेल तर पुढे झुकवून बसवा, कपाळाला हात लावून डोकं धरा. टब उशाशी नेहमी हवा, पण झाकलेला आणि नजरेआड.

नंतर एक ग्लास कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा घालून चुळा भरा. दात लगेच घासू नका. आम्लाने दात मऊ झालेले असतात, अर्धा तास थांबा. पाणी लगेच ग्लासभर पाजलं तर तेही बाहेर येतं. पंधरा-वीस मिनिटं थांबून दर पाच मिनिटांनी एक-दोन चमचे द्या. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात. अर्ध्या पाकिटाचा अंदाज करून ग्लासात टाकायचा नाही. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर सपाट सहा छोटे चमचे आणि मीठ सपाट अर्धा छोटा चमचा. टेट्रापॅकमधली फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

मॉर्फिनची गोळीच उलटून पडली तर? टबात नीट बघा: अख्खी गोळी दिसतेय का, आणि घेऊन किती मिनिटं झाली होती. या दोन गोष्टी सांगून डॉक्टरांना विचारा, पुन्हा द्यायची की पुढच्या वेळेची वाट बघायची. अंदाजाने दुसरी गोळी देऊ नका, एसआर तर मुळीच नाही. पहिली थोडी विरघळलेली असेल तर दोन्हींचा डोस एकत्र चढतो. एसआर गोळी कुटून, चुरून देणं हाही तितकाच धोका, बारा तासांचं औषध तासाभरात रक्तात जातं.

पडलेल्या गोळ्यांमुळे साठा लवकर संपतो, आणि मॉर्फिन कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळत नाही. 1985 च्या अमली पदार्थांच्या (एनडीपीएस) कायद्यात 2014 साली झालेल्या दुरुस्तीनंतर ते मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांमधून मिळतं, म्हणजे तुमच्या इस्पितळाच्या पॅलिएटिव्ह ओपीडीतून. गुरुवारी गोळ्या मोजा. सोमवारपर्यंत पुरत नसतील तर शुक्रवारी जा. शनिवार-रविवारी बिनगोळीचं राहायची वेळ येऊ देऊ नका.

परळला जाऊन येताना

कल्याण-विरारहून टाटाच्या ओपीडीला निघायचं तर उलटीवरची गोळी निघण्याआधी पाऊण तास. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटना बसता येतं, कागद जवळ ठेवा. खिडकीजवळ, गाडीच्या दिशेला तोंड करून बसवा. टॅक्सीत पुढची सीट. मोबाइल बघायचा नाही, डोकं मागे टेकवून ठेवायचं. रिकाम्या पोटी निघू नका, भरल्या पोटीही नाही. पिशवीत: झाकणाचा डबा किंवा जाड प्लॅस्टिक पिशव्या, नॅपकिन, पाणी, आणि वाटेत पडणारा मॉर्फिनचा डोस. रांगेत तीन तास गेले आणि दहाची गोळी घरी राहिली, हे सहज होतं.

पॅच असेल तर मे महिन्याचा उकाडा लक्षात ठेवा. घामाने पॅच सुटतो, आणि उष्णतेने त्यातलं औषध जास्त वेगाने शिरतं: गरम पाण्याची पिशवी, कढत पाण्याची अंघोळ, चढलेला ताप, सगळ्यांनी. अचानक मळमळ आणि गुंगी वाढली तर अंगावर पॅच किती आहेत ते आधी मोजा. जुना पाठीवर तसाच आणि नवा दंडावर, असं होतं. फेंटानिलचा पॅच 72 तासांचा. लावल्याची तारीख-वेळ पॅचवरच बॉलपेनने नको, वर लावलेल्या चिकटपट्टीवर किंवा वहीत लिहा. जुना काढल्यावर चिकट बाजू आत घेऊन दुमडा आणि पोराबाळांच्या हाती लागणार नाही असा ठेवा.

ही मॉर्फिनची उलटी नसेल

औषध जुनं आहे, डोस बदललेला नाही आणि तीन आठवड्यांनी उलट्या सुरू झाल्या, तर मॉर्फिनला दोष देऊ नका. सोबत खूप तहान आणि बरळणं असेल तर रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं असू शकतं. लघवी कमी झाली, अंग दचकल्यासारखं झटके घेतं, तर मूत्रपिंड मंदावून मॉर्फिनचे अंश साठताहेत. पहाटे डोकं दुखून उलटी होत असेल तर मेंदूतला दाब तपासावा लागतो. दुखण्याच्या इतर गोळ्यांनी जठराला सूज, तोंडात-घशात पांढरी बुरशी, लघवीचा संसर्ग, हीही कारणं असतात.

आणि यातलं काही दिसलं तर वाट न बघता 108 किंवा जवळचं कॅज्युअल्टी: उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा काळा गाळ; पोट फुगलेलं, कळा येतात, गॅसही सरत नाही आणि हिरवी किंवा शौचाच्या वासाची उलटी (अशा वेळी मेटोक्लोप्रामाइड आणि जुलाबाचं औषध दोन्ही देऊ नका); हाक मारून, हलवूनही नीट जाग येत नाही, बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी. श्वास मोजताना पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजा. बारा तासांत लघवी नाही किंवा दिवसभर एकही गोळी पोटात टिकली नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. तोंडाने टिकत नसेल तर तेच औषध कातडीखालच्या बारीक सुईतून देता येतं, घरीसुद्धा.

फोनवर "सारख्या उलट्या होताहेत" एवढंच सांगितलं तर समोरच्याला काही ठरवता येत नाही. वही उघडून असं सांगा: "मॉर्फिन 10 मिलिग्रॅम, दर चार तासांनी, मंगळवारपासून. उलट्या कालपासून पाच, जेवणानंतर दोन तासांनी, कपभर, अन्न पडतं, नंतर बरं वाटतं. शौच रविवारी झालं. गॅस सरतोय. पेरिनॉर्म चालू आहे, पण जेवणानंतर देत होतो."